तिची शेळी

कान तेवढा तसाच होता. हौसानंच कधीतरी खूण म्हणून चिरलेला, आता करवंदीच्या जाळीखाली मातीत पालथा पडलेला... आणि बाकीची शेळी पोटापासून उघडी. बिबट्यानं पहाटे गोठ्यातून ओढून आणली, अर्धी खाल्ली, उरलेली ठेवून गेला. उरलेल्यासाठी तो परत येणार, हे वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिचा नवरा चांगो घाईनं घरी गेला होता — भातावर फवारायचं औषध आणायला.

ती शेळीजवळ बसली. माश्या हाकलाव्यात की नाही, ठरेना. मागच्या खेपेलाही असंच... दिराचं, हनुमानचं वासरू बिबट्यानं मारलं तेव्हा त्याच्या मांसात औषध कालवलं होतं, आणि बिबट्यानं त्याला तोंडही लावलं नाही. मेली ती कोल्ह्यांची जोडी, ओढ्याच्या वाटेवर, तोंडं पाण्याकडे करून. मेली गिधाडं, पंख अर्धवट उघडे टाकून. मग माळावर मेलेली गुरं कुजत राहिली, त्या वासानं खालच्या गावांतली कुत्री वर आली, टोळी करून राहिली, आणि भरदिवसा करडं नेऊ लागली. कोल्हे उंदीर खायचे हेही तेव्हाच उमगलं — नाचणीच्या कणग्या पोखरल्या गेल्यावर. सगळ्या पाड्यानं पाहिलं होतं हे. मग मलाच का आठवतं? की त्यांनाही आठवतं, पण नुसतं बसवत नाही...

चांगो आला तेव्हा मागे जना होती, हनुमानची बायको. बाटली खाली ठेवून त्यानं हौसाला बाजूला व्हायला सांगितलं. ती उठली नाही.

"शेळी माझी हाय," ती म्हणाली. "हिच्यात इख नाय घालू द्यायची."

तो समजुतीनं बोलत राहिला — आज शेळी, उद्या बैल. लोक तिला वेडी म्हणतील. तिनं कोल्ह्यांचं काढलं, कुत्र्यांचं काढलं. त्यानं ऐकलं असावं, कारण तो तिच्याकडे बघेनासा झाला. मग जना आवाज न चढवता म्हणाली, "आन उद्या माझ्या रोशनीवर आला तर, गो?"

हौसानं उत्तर शोधलं, खरंच शोधलं. रोशनी तिच्याच कडेवर वाढली होती. पोरीच्या केसांचा वास हौसाला आत्ताही आला.

"तिला एकटी नाय धाडायची रानात. मी जाईन संगती," ती म्हणाली, आणि हे पुरेसं नाही हे बोलतानाच तिला कळलं. "पर इख नाय. आदी माझ्या अंगावरून जा."

जना वळून उतरली. बाटली उचलून चांगोही गेला. तो पुन्हा येईल, की येणार नाही, त्याच्या पाठीवरून कळेना.

ऊन कललं. वरच्या कड्यावर वानर खेकसलं, लगेच दुसरं — म्हणजे बिबट्या जवळपास होता. मला भीती वाटते, तिनं स्वतःलाच सांगितलं, अगदी साधेपणानं. इतका वेळ तिला वाटत होतं की भीती आली तर आपलं म्हणणं खोटं पडेल... पण भीती आली होती, जनाचा प्रश्नही तिथंच होता, आणि तिचं 'नाही' त्या दोघांच्या मधोमध, जरासुद्धा न हलता, बसून होतं.