इस्त्रीबाई बसून राहिली

इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. तिथे दिवसभर इतकी वाफ असायची की समोरची बाई सावलीसारखी दिसायची, आवाज तेवढा जवळून यायचा. त्या पांढऱ्या धुक्यातच तिची भीड चेपली.

एकदा शेजारच्या बाईने आपलं तान्हं बाळ कपड्यांच्या टोपलीत निजवलं होतं. मुकादमाने टोपली उचलून बाहेर उन्हात ठेवली. हिने आपली इस्त्री बंद केली. मग पलीकडचीने केली, मग तिच्या पलीकडचीने. वाफ हळूहळू खाली बसली आणि बायकांनी एकमेकींचे चेहरे प्रथमच नीट पाहिले. संप असा सुरू झाला.

संपातून ती डाव्या पक्षात आली आणि पक्षातून सभागृहात. विरोधकांनी तिचं नाव ठेवलं इस्त्रीबाई. ती हसून म्हणायची, "चुरगळलेलं सरळ करायचं तर तापावं लागतंच." पण एका भाषणात ती बोलून गेली, "घर म्हणजे बिनभोंग्याचा कारखाना. माझी आई तिथली बिनपगारी मोलकरीण होती." सभागृहात गदारोळ झाला. घरी तिची थोरली बहीण शिवणयंत्रावर बसली होती. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"आईला चारचौघांत मोलकरीण म्हणालीस?"

"ताई, मी तिच्या कष्टांबद्दल बोलले गं."

"ती हौसेने करायची सगळं."

"तू विचारलं होतंस तिला?"

ताईने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. त्यानंतर कित्येक वर्षं दोघी एकाच घरात मुक्यासारख्या वावरल्या.

पुढे तिच्या पक्षाचं सरकार आलं, पण दुसऱ्याच्या कुबड्यांवर. प्रत्येक कारखान्यात पाळणाघर हवं, असा कायदा तिने मांडला होता. मित्रपक्ष अडून बसला आणि कायदा बासनात गेला.

"आत्ता गप्प बस," पक्षाचे अध्यक्ष म्हणाले. "सरकार टिकलं तर सगळं होईल."

"मुलं थांबत नाहीत हो, मोठी होतात."

विश्वासाच्या ठरावाला सरकारच्या बाजूच्यांनी उभं राहायचं होतं. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं येत होतं, त्यात धूळ संथ तरंगत होती. आजूबाजूची माणसं उठली. कुणीतरी तिच्या खांद्याला धरून हलवलं, तिचं नाव घेतलं. तो आवाज तिला पाण्याखालून आल्यासारखा वाटला. ती बसून राहिली. सरकार एका मताने पडलं.

नव्या सरकारने पहिल्याच फटक्यात धुलाईघराची संघटना मोडली, कित्येकींच्या नोकऱ्या गेल्या. पक्षाने तिला काढलं, तिच्याच बायका तिला घरभेदी म्हणू लागल्या. त्यांचं खोटं नव्हतं. निवडणुकीत ती सपाटून हरली आणि ताई शिवायची त्या कपड्यांना काजं-बटणं करू लागली.

एका दुपारी ताईने यंत्र थांबवलं. "त्या दिवशी उठली असतीस तर?"

"तर पाळणाघर झालं नसतं."

"ते आताही नाही झालं."

"नाही झालं."

ताईने तिच्यापुढे चहा ठेवला, आपला कप घेऊन शेजारी बसली. त्या दिवसापासून दोघी पुन्हा बोलू लागल्या.

पाळणाघरं आली ती फार नंतर. सूतगिरणीतल्या पोरींनी आपल्याच बळावर भांडून मिळवली. तिचं नाव कुणी घेतलं नाही. ताईच्या ओळखीने दोघी एकदा पाहायला गेल्या. पडदे वाऱ्याने फुगत होते, मुलं ओळीने निजली होती. त्यांच्या श्वासांच्या लयीत ताईचाही डोळा लागला. इस्त्रीबाई एका बुटक्या स्टुलावर गुडघे जुळवून बसली. आपण कुठे आहोत, किती वर्षांच्या आहोत, याचा तिला थोडा वेळ विसरच पडला.

पाळी सुटली. मुलांना न्यायला त्यांच्या आया आत आल्या. एक तरुण बाई मूल उचलता उचलता थबकली.

"तुम्हीच ना त्या? इस्त्रीबाई?"

"हो."

"माझी सासू तुमच्या धुलाईघरातली. अजून शिव्या देते तुम्हाला."

"देऊ दे. तिची नोकरी गेली असेल."

"गेलीच की." बाईने तिला जरा न्याहाळलं. मग झोपेने जड झालेलं मूल तिच्या मांडीवर ठेवलं. "धरता का थोडं? मी चपला घालते."