शिडाचं पोट

दुर्गदबैल पेठेतल्या मुकुंदरावांच्या दुकानातून गेलेली ताडपत्री गळत नाही आणि त्यांनी शिवलेल्या मांडवाला झोळ पडत नाही, हे अख्ख्या हुबळीला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नसेल त्याला मुकुंदराव स्वतः सांगतात. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सांगतात. आजोबा मिरजेहून सुई-दोरा घेऊन इकडं आले, तेव्हापासून या घराचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे झोळ. मांडवाला झोळ पडला की तिथं पाणी साचतं, साचलेलं पाणी नेमकं वरमाईच्या डोक्यावर पडतं, आणि मग ते लग्न दोन पिढ्या मांडववाल्याच्या नावानं लक्षात राहतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं शिडाची बोट चालवावी, याला काय म्हणावं? श्रीलक्ष्मीनं दोन वर्षांपूर्वी बंगळूरची कॉम्प्युटरची नोकरी सोडली आणि कारवारला जाऊन लोकांना बोट चालवायला शिकवू लागली. मुकुंदरावांनी चार महिने तिच्याशी धड बोलणं टाकलं. त्यांनी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, तोही चपला हातात धरून, घोटाभर पाण्यात.

गेल्या महिन्यात मात्र ती आपणहून दुकानात आली. खांद्यावर पांढऱ्या कापडाचं हे एवढं गाठोडं. बोटीचं मोठं शीड कडेला फाटलं होतं.

"अप्पा, एवढं शिवून द्या. तुमच्यासारखा टाका कुणाचा नाही," ती म्हणाली. "पण फाटलंय तेवढंच हं. बाकी कशाला हात लावू नका."

मुकुंदराव विरघळले. मुलगी आपल्या धंद्याची काहीतरी कदर करते, हे ऐकायला त्यांना दोन वर्षं लागली होती. पण हात लावू नका म्हटल्यावर हात न लावणारा माणूस दुर्गदबैलात दुकान चालवत नाही. त्यांनी आणि त्यांचे जुने शिंपी तुकाराम यांनी शीड गच्चीवर पसरलं, चारी बाजूंनी ताणलं, आणि मुकुंदराव कपाळाला हात लावून खाली बसले. शिडाच्या मधोमध झोळ होता. चांगला हातभर.

"कुणी शिवलंय हे?" ते ओरडले. "माझी पोर हे असलं घेऊन समुद्रात फिरते?"

मग फाटलेली कड शिवून झालीच, शिवाय दोघांनी मधल्या तीन शिवणी उसवल्या, जास्तीचं कापड आत घेतलं, उरलेलं कात्रीनं काढून टाकलं आणि दुहेरी टाक्यानं पुन्हा शिवलं. शीड कॅरमच्या बोर्डासारखं सपाट झालं. श्रीलक्ष्मीला काही सांगितलं नाही. तिनं शीड वर चढवावं, बघावं आणि आपणहून फोन करावा, अशी त्यांची इच्छा होती. बापाला एवढी हौस असायला काही हरकत नाही.

आज सकाळी आठला तिचा फोन आला. ती आणि तिची मैत्रीण रेखा, दोघी बोट घेऊन कारवारहून वर गोव्यातल्या बेतूलला निघाल्या होत्या. नवीन शिवलेलं शीड आजच पहिल्यांदा चढणार होतं. "चार वाजेपर्यंत पोचू," ती म्हणाली. मुकुंदराव सकाळभर गल्ल्यावर बसून गालातल्या गालात हसत होते.

दुपारी एकच्या सुमाराला बाबाजी आले. बाबाजी कारवारकडचे तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचे मुख्य. पाय थकले म्हणून आता समुद्रावर जात नाहीत, पण मुलांच्या बोटींसाठी ताडपत्री घ्यायला वर्षातून एकदा हुबळीला येतात. तुकारामांनी ताडपत्रीची घडी घातली आणि हाताशी पडलेल्या एका पांढऱ्या पट्टीनं गठ्ठा बांधला. बाबाजींनी गठ्ठा उचलला आणि लगेच खाली ठेवला. ते त्या पट्टीकडं बघत होते. पट्टी मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होती, चंद्रकोरीसारखी.

"अण्णा, हे शिडाचं कापड. तुमच्याकडं कुठून?"

मुकुंदरावांना हेच हवं होतं. मुलीचं शीड, कुणा गबाळ्याचं काम, हातभर झोळ, आणि आपण तो कसा काढला, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. बाबाजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा काही हसला नाही.

"अण्णा, तो झोळ नव्हता. ते शिडाचं पोट. मुद्दाम ठेवतात. वारा त्या पोटात भरतो, तेव्हा बोट ओढली जाते. पोट काढलं की बोट निम्मी मेली."

मुकुंदरावांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "म्हणजे... बुडेल?"

"बुडत नाही ओ. पण चालायला पाहिजे ना? आज दुपारचा वारा वायव्येचा. बेतूलला जाताना काब दे रामाचं टोक लागतं, तिथं तो सरळ नाकावर येतो. खाली खडक. तिथं बोटीला अंगात जोर पाहिजे. इंजिन आहे ना?"

"आहे. जुनं आहे. तापतं म्हणत होती."

बाबाजी खुर्ची ओढून बसले. त्यांची दोनची बस होती, ती त्यांनी सोडली.

मुकुंदरावांनी फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पहिल्यांदा कन्नडमधून, मग इंग्रजीतून तीच बाई तेच सांगत होती, आणि तिच्या आवाजातली शांतता ऐकून त्यांना तिचा गळा धरावासा वाटला. दोन वाजले. एक गिऱ्हाईक मांडवाचं कापड बघायला आलं, त्याला तुकारामांनी काय दाखवलं देव जाणे. अडीचला घरून कुसुमताईंचा फोन आला. "अहो, पोरीचा फोन आला का?" "येईल की," मुकुंदराव म्हणाले, आणि आपल्या आवाजात काही कळू नये म्हणून मोठ्यानं खाकरले.

तीन वाजून गेले. तिनं सांगितलं होतं, हात लावू नका. तीन शब्द. एवढे तीन शब्द आपल्याला ऐकता आले नाहीत. मुलगी समुद्रावर जाते म्हणून आपण तिच्याशी बोललो नाही, आणि बोलायला लागलो तेव्हा तिची बोटच अधू करून दिली. मुकुंदराव मनातल्या मनात सिद्धारूढ स्वामींना हात जोडत होते. ते घाबरले होते, अगदी लहान पोर घाबरतं तसे.

पावणेचारला फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून श्रीलक्ष्मी ओरडत होती, "अप्पा! तुम्ही शिडाला काय केलंत?"

मुकुंदराव उठून उभे राहिले. "पोट काढलं," ते एका दमात म्हणाले. "मला झोळ वाटला. तू नको म्हणालीस तरी काढलं. माझं चुकलं बाळ. तू कुठं आहेस? रेखा बरी आहे? खडक किती लांब आहे?"

पलीकडं ती हसायला लागली. हसता हसता तिनं रेखाला काहीतरी सांगितलं, तीही हसली. मुकुंदरावांना हसण्याचं कारण कळेना, पण हसणारं माणूस बुडत नसतं एवढं त्यांना कळलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते खाली बसले. बाबाजींनी त्यांच्या हातातला फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"अप्पा, आम्ही बेतूलच्या खाडीत आहोत. पोचलो. सकाळी मी तुमच्यावर जाम चिडले होते, खरं सांगते. मागून हलका वारा, आणि शीड नुसतं फळीसारखं लटकलेलं. बोट हलेना. म्हटलं, अप्पांनी वाट लावली."

"मग?"

"मग टोकाजवळ वारा समोरून आला. नुसतं इंजिन लावलं तर लाटांवर धडाधड आपटत होतो, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडं निघाला. अशा वेळी इंजिन अर्ध्यावर आणायचं, शीड दोरानं खेचून बोटीच्या बरोबर मधे घट्ट बांधायचं, आणि वाऱ्याच्या तोंडात न घुसता थोडं तिरकं जायचं. पण त्याला सपाट शीड लागतं. पोटवालं शीड तिथं फडफडतं, नाहीतर बोटीला एवढं कलंडवतं की इंजिन थंड ठेवणारं समुद्राचं पाणीच आत यायचं थांबतं. जुन्या शिडाला मी कितीही ताण दिला तरी ते नीट सपाट व्हायचं नाही. आज एकदासुद्धा फडफडलं नाही. बोट शहाण्यासारखी चालली, इंजिन थंड झालं."

बाबाजींनी मांडीवर थाप मारली. "हौदु, अगदी खरं!" ते फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाले. "नाकावरच्या वाऱ्याला सपाटच पाहिजे. मी म्हातारा ते विसरलो बघ. आमच्या वेळी शिडाबरोबर इंजिन कुठलं!"

"हे कोण, अप्पा?"

"आपले बाबाजी. कारवारचे. माझ्यासाठी त्यांनी बस सोडली."

"त्यांना नमस्कार सांगा. आणि अप्पा, ऐका. बाकी सगळ्या वाऱ्यांना मला पोट लागतं. पुढच्या महिन्यात शीड घेऊन येते. कापलेल्या पट्ट्या आहेत ना? टाकल्या नाहीत ना?"

मुकुंदरावांनी तुकारामांकडं पाहिलं. तुकाराम केव्हाच मागच्या खोलीत गेले होते आणि चिंध्यांच्या पोत्यातून दोन पट्ट्या काढून, झटकून घेऊन आले होते. तिसरी बाबाजींच्या गठ्ठ्यावर होती. मुकुंदरावांनी ती गाठ स्वतः सोडली. दातांनी सोडावी लागली, कारण गाठ तुकारामांची होती. गठ्ठ्याला त्यांनी सुतळी बांधली. मग तिन्ही पट्ट्या मांडीवर ठेवून हातानं सरळ केल्या.

"आहेत," ते म्हणाले. "तिन्ही आहेत. पोट किती ठेवायचं ते तू इथं गच्चीवर उभी राहून सांग. तू सांगशील तिथंच मी टाका घालीन."

पलीकडून एकदा नाक ओढल्याचा आवाज आला.

"येते अप्पा," ती म्हणाली. "आणि आईला सांगा, पोचले म्हणून."