अकरा मिनिटांचा प्रोसेसर

तळहातावरचा तो चौकोनी तुकडा पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा होता. पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा, आणि खिडकीकडे जरा कलता केला की ते ठिपके एका कडेने उजळत जात — इतके सारखे, इतके सरळ, की पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं चाचणीच्या टेबलावर काढलेल्या माणसाला ते नुसते बघत बसावंसं वाटलं. दुसरा तुकडा अजून कागदाच्या पुडीतच होता. दोन्ही प्रोसेसर जुने, कुणाच्या तरी मोडीत गेलेल्या कॉम्प्युटरमधून निघालेले, आणि दोन्ही बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये बसणारे. एक ठेवायचा. एक सहाच्या आत परत.

सकाळी सुट्या भागांच्या दुकानदाराने दोन्ही समोर ठेवले होते.

“काका, हा दोन कोरचा, पण पळतो जोरात. हा चार कोरचा, थोडा सावकाश. पण चार म्हणजे चार माणसं कामाला, असं समजा. किंमतही दुप्पट.”

“यातला चांगला कुठला?”

“ते कामावर आहे. तुम्ही काय काम करता?”

“विणकामाचे नमुने,” तो म्हणाला, आणि दुकानदाराने चष्म्यावरून त्याच्या जाडजूड बोटांकडे पाहिलं. ‘माझी बायको करायची’ असं म्हणायचं त्याने टाळलं.

“दोन्ही न्या. लावून बघा. नको असेल तो आज सहाच्या आत आणा म्हणजे झालं, उद्यापासून मी चार दिवस नाही.”

घरी येताना तो जवळजवळ पळतच आला. जिना चढताना धाप लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं — ती गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत आपण कुठे घाईने गेलोच नव्हतो.

तिचे एक्केचाळीस नमुने अर्धवट राहिले होते. रेघा, रंग, टाके सगळं तिने भरून ठेवलेलं, फक्त प्रोग्रॅमला लावून त्यातून विणायचा तक्ता काढायचा बाकी. तिच्या विणणाऱ्या मैत्रिणी भेटायला आल्या तेव्हा कुणी काही मागितलं नव्हतं, पण जाताना एकीने दारात चपला घालता घालता विचारलं, “ते तक्ते... राहिलेच ना?” आणि तो म्हणून गेला, “मी काढून देतो.” तिला दिलेला शब्द नव्हता हा, पण तिच्याच वतीने दिलेला. मग गेल्या आठवड्यात तिचा जुना प्रोसेसर मधेच बंद पडला, तो कायमचाच.

त्याने चाचणी रीतसर घेतली. खिडकी दोन्ही वेळा उघडी. कापसाने स्पिरिट लावून उष्णता ओढणारी जुनी पेस्ट पुसली, नवी मोहरीएवढी लावली, वर पंखा बसवला. नमुना एकच, प्रत्येकी तीन फेऱ्या, हातात कारखान्यातलं थांबघड्याळ. दोन कोरचा — चार मिनिटं दहा सेकंद, चार अकरा, चार दहा. वा रे पठ्ठ्या! जुन्याला अकरा मिनिटं लागायची. मग तो काढून चार कोरचा बसवला — पाच चाळीस. चुकलं काहीतरी. परत — पाच एकोणचाळीस. परत — पाच चाळीस.

चार माणसं, आणि मागे?

त्याने खटपट करून कुठला कोर किती राबतोय ते दाखवणारी खिडकी पडद्यावर उघडली. चार चौकटी. एकीत रेघ डोंगरासारखी वर चढलेली, उरलेल्या तिन्हींत जमिनीलगत आडवी. त्याला हसूच आलं — एकटा घाम गाळतोय आणि तिघं भिंतीला टेकून गप्पा मारताहेत, अगदी आमच्या जोडणी विभागासारखं! प्रोग्रॅमच जुना, त्याला एकालाच हाक मारता येत होती. निकाल स्पष्ट होता. दोन कोरचा जास्त वेगवान, कमी तापणारा आणि निम्म्या किमतीत. त्याने वहीत तो लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि न राहवून मुलीला फोन लावला.

“बाबा, आवाज एवढा खुशीत? काय झालं?”

त्याला चोरी पकडल्यासारखं वाटलं. आठ महिने... आणि मी खुशीत.

“काही नाही गं. दोन कोरचा जिंकला.”

“कोण जिंकला?”

“आईचे नमुने. अकरा मिनिटांचं काम चार मिनिटांत होतंय.”

“चार?” ती हसली. “आईला आवडलं नसतं हं.”

“का? मी कितीदा म्हटलं होतं, बदलून देतो म्हणून. काटकसर, दुसरं काय.”

“काटकसर कसली! मीच एकदा तिला म्हटलं होतं, बदल की हा डबा. तर म्हणाली, हे यंत्र अडतं म्हणून तरी मी उठते. नाहीतर तुझे बाबा पेपरात आणि मी ह्याच्यात, जन्म जायचा.”

फोन ठेवल्यावर तो खुर्चीत तसाच बसला. बटण दाबलं की एकाच कोरचं ते जुनं यंत्र गच्च अडकायचं, दुसरं काही करू द्यायचं नाही, आणि ती पदराला हात पुसत यायची — “चला, अकरा मिनिटं आहेत माझ्याकडे” — आणि तो पेपर खाली ठेवायचा. रोज तीनदा, चारदा. कधी कधी तर त्याने घड्याळात बघून म्हटलंय, झाली बरं का तुझी अकरा! वेग मोजणारा माणूस मी... आणि ती मात्र थांबणं मोजत होती... आणि मला वाटायचं, बिचारी थांबतेय.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. उलट डोकं भराभर चालू लागलं, हिशेब आपोआप झाला — चार मिनिटं दहा सेकंद, एक्केचाळीस वेळा. तीन तासही नाहीत. आज बसलो तर आज संपेल. तिचं सगळं उरलेलं काम, एका दुपारीत.

आणि मग?

कारखान्यात म्हातारा फोरमन नव्या पंपाला हात लावायच्या आधी विचारायचा, “कुठल्या विहिरीवर बसणार?” जिथे बसणार तिथला दाब द्यायचा, मगच निकाल लिहायचा. आज तो स्वतः हे विसरला होता. एकतीस वर्षांत कधी विसरला नव्हता आणि आज तीन-तीन फेऱ्या करून, खाली दोन रेघा मारून विसरला होता. त्याने तीन तासांच्या विहिरीवर चाचणी घेतली होती. त्यापुढे हा कॉम्प्युटर कुणाचा?

चार कोरचा अजून आतच होता. त्याने नमुना लावला, निळ्या-पिवळ्या चौकटींची किनार. एका कोरवर तिचं काम सुरू झालं. ती उठायची तो क्षण आला आणि तो उठला नाही. त्याने पडद्यावर शेजारी रेखाटनाचं एक कोरं पान उघडलं. उघडलं! काही अडकलं नाही. रेखाटनाचा प्रोग्रॅम नवा, उरलेल्या तिघांनाही हाक मारणारा; दोन कोरच्यात त्याला एकच उरला असता. त्याने एक वर्तुळ काढलं, वेडंवाकडं, अंड्यासारखं. पुसलं. परत काढलं. पंपाची झडप वरून न उघडता बाजूने उघडली तर वाळू अडकणार नाही, हे त्याला कितीतरी वर्षांपूर्वी सुचलं होतं, आणि पुढे निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांचेच पंप तपासण्यात ते तसंच राहिलं होतं. आता बिजागरीपाशी गाडी अडली. तिथे स्प्रिंग हवी... नाही, स्प्रिंग नको, नुसतं वजनच पुरे! तो मोठ्याने “अरे!” म्हणाला, रिकाम्या खोलीत.

मधे नमुना पूर्ण झाल्याची घंटी वाजली. त्याने मान न वळवता दुसरा लावला. मग वळवली आणि थोडा वेळ पडद्याच्या त्या अर्ध्या भागाकडे बघत राहिला, जिथे तिचे टाके एकेक ओळ खाली उतरत होते, घाई न करता, आणि इकडे त्याची रेघ तशीच अर्धवट होती, आणि एकामुळे दुसरं काही अडत नव्हतं.

हे बरं आहे का वाईट, त्याला कळेना. छातीत धडधडत होतं, मुलीच्या वयाचा असताना धडधडायचं तसं, आणि त्या धडधडीची लाज शोधायला गेला तर ती नेमकी कुठे ठेवली होती ते सापडेना.

सव्वापाच झाले होते. दुकान चालत पंधरा मिनिटं. दोन कोरचा पुडीत बांधून टेबलावर होता. निकाल अजून त्याच्याच बाजूने, वहीत, दोन रेघांवर. दोन कोरचा परत द्यायचा तर उठायला हवं होतं. त्याने खुर्ची मात्र आणखी पुढे ओढली.