निघून जाणारी आक्का

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. पण तंबू म्हटल्यावर सहल, शेकोटी, गप्पा असे जे काही तुमच्या डोळ्यांपुढे येते, त्यातले माझ्या वाट्याला काहीच आले नाही. माझ्यात कोणी कधी पाय पसरून झोपलेले नाही. माझ्यात माणूस मावतो तो घडीच्या स्टुलावर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तोही गुपचूप. मी लपायचा तंबू आहे. रानातल्या पक्ष्यांचे फोटो काढणारी माणसे माझ्या पोटात बसतात आणि पुढच्या लहानशा खिडकीतून कॅमेऱ्याचे नाक बाहेर काढतात.

माझा जन्म आक्काच्या शिवणकामाच्या दुकानात झाला. ट्रकच्या ताडपत्र्या, जीपचे हूड, दुकानांवरची कापडी छपरे, शाळेची दप्तरे, असे जाडेभरडे काम ती करायची. तिचा धाकटा भाऊ फोटोग्राफर होता. तासन्तास हालचाल न करता उभा राहायचा म्हणून सगळी गल्ली त्याला बगळ्या म्हणायची. त्याच्या हट्टापायी आक्काने ट्रकच्या एका जुन्या ताडपत्रीतून मला बेतले. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी खिडकीला बाही हवी होती, म्हणून तिने वडिलांच्या जुन्या कोटाची एक बाही उसवून तिथे जोडली. "आता एका हाताचा कोट कोण घालणार?" म्हणून आई कुरकुरली, पण उरलेला कोट तिने जपून ठेवला.

बगळ्याने लग्न केले नाही. हिवाळा सरला की मला पाठीवर टाकून तो निघायचा. म्हणून आक्का मला थट्टेने 'वहिनी' म्हणू लागली. "वहिनीला ऊन दाखवलंस का रे? वहिनीच्या खिशात उंदरानं संसार थाटलाय, बघ जरा." मला ते नाते मनापासून आवडले.

आम्ही जायचो ते डोंगरांपलीकडच्या एका मोठ्या दलदलीत. जीप जिथे हात टेकते, तिथून पुढे पायी. माणसाच्या डोक्याहून उंच लव्हाळे, त्यांच्या मुळाशी काळे थंड पाणी आणि वर वाहणारा वारा. तिथे क्रौंच पक्षी घरटी करतात. उंच, राखाडी, डोक्यावर लाल डाग असलेले हे पक्षी भारी सावध असतात. लांबून माणूस दिसला तरी मादी अंड्यांवरून उठते आणि लव्हाळ्यांत चालत निघून जाते. मग ती परत येईपर्यंत अंडी उघडी, गार पडत राहतात.

यावर फोटोग्राफर लोकांची एक युक्ती आहे. आधी मला लांब उभे करायचे आणि पक्ष्यांना माझी सवय होईल तसतसे मुंगीच्या पावलाने पुढे सरकवायचे. मग दोघांनी मिळून माझ्यात शिरायचे आणि थोड्या वेळाने त्यातल्या एकाने बाहेर पडून, पक्ष्याला चांगले दिसेल असे, हात हलवत निघून जायचे. पक्ष्याला वाटते, माणूस आला होता तो गेला. त्याला दोन आणि एक यांतला फरक कळत नाही, असे बगळ्या म्हणायचा. मग मादी निर्धास्तपणे परत येऊन अंड्यांवर बसायची.

तर त्या दोघांतला आत बसणारा असायचा बगळ्या आणि निघून जाणारी असायची आक्का. दरवर्षी वसंतात दुकान बंद ठेवून ती भावाबरोबर यायची, स्टूल उचलून आणायची, माझ्या दोऱ्या ताणायची आणि मग लाल पिशवी झुलवत टेकडीकडे चालू लागायची. दुपारी तीच त्याला न्यायला परत यायची. बगळ्या म्हणायचा, "आक्का, उद्या तू बस." पण उद्या ढग यायचे, नाहीतर ऊन फार छान पडायचे. आक्काही म्हणायची, "जाऊ दे रे. मला फोटोत दिसतंच की."

ते फोटो फार गाजले. मोठमोठ्या दालनांत लागले, मुलांच्या पुस्तकांत छापले गेले. ते पाहून कितीतरी माणसांना दलदल म्हणजे नुसता चिखल नव्हे, हे पहिल्यांदा कळले. त्यातल्या एकाही फोटोत मी नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. आक्काही नाही. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही, कारण लपायच्या तंबूने दिसायचे कशाला?

मग बगळ्या आजारी पडला. छातीचे दुखणे होते, ते बरे झाले नाही. तो गेला. आक्काने मला घडी घालून दुकानाच्या माळ्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे ठेवले आणि नंतर माझ्याकडे वर बघायचेही टाळले. मला तिचा राग आला नाही. माझ्या कापडाला तिच्या भावाचा वास येत होता. माळ्यावर मला कसरीने खाल्ले, उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. खाली मशीन चालायचे, पण आक्काचे गुणगुणणे काही ऐकू येत नसे.

एके दिवशी आमचा जुना जीपवाला हूड शिवून घ्यायला आला. तो म्हणाला, "आक्का, तुला सांगू की नको, असं झालंय. आपल्या त्या दलदलीत मोजणीवाले खुंट्या ठोकताहेत. चर खणून सगळं पाणी काढून देणार म्हणे."

"आणि क्रौंच?"

"तिथं आता पक्षी नाहीतच, असं म्हणताहेत. साहेबाचा अहवाल गेला की काम सुरू."

आक्काने हातातला हूड खाली ठेवला. शिडी लावून ती वर आली आणि तिने मला छातीशी धरले. नंतर खाली नेऊन तिने मला झटकले, धुतले, ठिगळे लावली. बगळ्याचा कॅमेराही तिने कपाटाच्या तळातून शोधून काढला.

जीपवाला आम्हाला वर सोडून, थोड्या दिवसांनी न्यायला येतो म्हणून परत गेला. टेकडीवरून जुन्या दुर्बिणीने पाहताना आक्काला दिसले की एक क्रौंच पुन्हा पुन्हा लव्हाळ्यांत एकाच जागी उतरतो आहे. तिला हायसे वाटले. तिने रोज थोडे थोडे करत मला पुढे आणले. अखेर माझ्या खिडकीतून लव्हाळ्यांच्या फटीतले घरटे दिसू लागले. वाळक्या पानांचा तो ढीगच होता. अंडी वरच्या खळग्यात असतात, ती खिडकीतून दिसत नाहीत. मादी बसली की मादी दिसते, एरवी नुसता पाचोळा.

एका सकाळी आक्का कॅमेरा घेऊन माझ्यात शिरली. एकटी. आयुष्यात पहिल्यांदाच ती आत बसत होती. तिला वाटले, भावाने केले तेच आपण करायचे. गप्प बसायचे आणि वाट पाहायची. ती वाट पाहत राहिली. मादी लांब लव्हाळ्यांत उभी होती, मान उंच करून थेट माझ्याकडे बघत होती, पण जवळ येत नव्हती. उन्हाला ऊब नव्हती. आक्का एकदा मादीकडे, एकदा उघड्या घरट्याकडे बघत होती. आणि मग तिच्या ध्यानात आले की माणूस आत शिरलेला पक्ष्याने पाहिला आहे; बाहेर पडलेला पाहिलेला नाही.

मित्रांनो, ही युक्ती तिला काय माहीत नव्हती? तीच तर ती वर्षानुवर्षे करत आली होती. पण आपण फक्त सोबतीला जातो, सामान उचलतो, असेच तिला नेहमी वाटायचे. आपले निघून जाणे हेसुद्धा एक काम आहे, हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते.

"अगं बाई, अंडी," असे पुटपुटत ती घाईने बाहेर पडली. टेकडीकडे जाताना ती रडत होती, पण लाल पिशवी झुलवायला विसरली नाही. ती दूर गेल्यावर मादी परत आली. अंड्यांचे काय झाले, ते मला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोजणीसाहेब आले. चांगला माणूस होता, पण बुटांत पाणी शिरल्याने आणि सर्दीने बेजार झालेला. त्यांची माणसे खुंट्यांचे भारे घेऊन रस्त्याच्या टोकाला थांबली होती. आक्काने त्यांना बगळ्याचे फोटो दाखवले.

साहेब म्हणाले, "बाई, फोटो सुंदर आहेत. पण जुने आहेत. मला आज काय आहे ते लिहायचंय. मी इथं कितीदा आलो, एक पीस दिसलं नाही. न दिसलेलं कसं लिहू?"

"तुम्ही ठोकाठोक करत येता. ती कशाला थांबेल?"

"मग चला, अंडी दाखवा. अंडी तर चालत जाणार नाहीत?"

"घरट्यापर्यंत जायचं नसतं, साहेब. आपण गवत तुडवत गेलो की त्याच वाटेनं मागून कोल्हा जातो. मग काय लिहाल, अंडी होती म्हणून?"

साहेबांना हसू आले आणि लगेच शिंक आली. आक्काने एकदा गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिले. आज तिच्याबरोबर दुसरे माणूस होते. साहेबांना निघून जायला सांगितले असते, तर ती आत बसली असती. इतक्या वर्षांत हुकलेले तिला दिसले असते, फोटोही मिळाला असता. मला वाटले, आता ती तेच म्हणणार.

ती म्हणाली, "तुम्ही आत बसा."

"मी? मला फोटोबिटो काढता येत नाहीत."

"काढू नका. नुसतं बघा. मी पाहून काय उपयोग? सही तुमची आहे."

ती त्यांच्याबरोबर माझ्यात शिरली, त्यांना स्टुलावर बसवले, कॅमेरा शेजारी ठेवला, शिंक आली तर नाक कसे दाबायचे ते दाखवले आणि बाहेर पडली. तिची पावले चिखलात चुबुक चुबुक वाजत लांब गेली. इतकी वर्षे तो आवाज ऐकला होता, पण त्या दिवशी माझा जीव त्या पावलांना टांगला होता. मादी आली नाही तर? कालच्या गारठ्याने तिने घरटे सोडून दिले असेल तर? साहेब रुमाल तोंडात कोंबून बसले होते.

लव्हाळे हलले. आधी लाल डाग दिसला, मग लांब मान, मग एक एक पाऊल उचलत ती आली. घरट्यावर चढून तिने चोच खळग्यात घालून अंडी हलकेच फिरवली, पंख जरा सैल केले आणि बसली. कॅमेरा शेजारीच होता, पण साहेबांनी त्याला हात लावला नाही. दुपारी आक्का न्यायला येईपर्यंत ते शिंकले नाहीत की हलले नाहीत.

"आली?" आक्काने विचारले.

"आली," साहेब तोंडातला रुमाल काढत म्हणाले. मग लगेच म्हणाले, "आता तुम्ही बसा. मी जातो."

आक्का घरट्याकडे बघत राहिली. तिला किती बसावेसे वाटत होते, ते मी जाणतो. "आज नको," ती म्हणाली. "आज ती दोनदा उठलीय. तिसऱ्यांदा उठवायचं नाही."

अहवालात साहेबांनी लिहिले, 'घरटे आहे, मी स्वतः पाहिले.' एवढ्याने सगळे गोड झाले, असे मी खोटे सांगणार नाही. दलदलीची रस्त्याकडची बाजू अखेर कोरडी केलीच. तिथे आता क्रौंच उतरत नाहीत. पण आतली बाजू राहिली आणि त्या वसंतात दोन तांबूस पिल्ले आईमागून पाण्यात चालताना आक्काने टेकडीवरून पाहिली.

पुढच्या वर्षी साहेब रजा काढून आले. "या वेळी निघून मी जाणार," ते म्हणाले. निघून जाणे त्यांना काही नीट जमले नाही. सारखे मागे वळून बघत होते. पण मादी फसली.

आक्का स्टुलावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, बगळ्या बसायचा तशीच. मादी येऊन अंड्यांवर बसली आणि खाली मान घालून अंड्यांशी काहीतरी बोलू लागली. अगदी हळू, घशातल्या घशात, घुर्र घुर्र असा आवाज. आक्काचा हात तोंडावर गेला. घरातल्या भिंतीवर तिच्याजवळ शेकडो क्रौंच होते. पण त्यातला एकही कधी बोलला नव्हता. "अरे, ही बोलते की रे," ती कुजबुजली. हे ती मला म्हणाली की भावाला, ते मला कळले नाही. मग ती वडिलांच्या कोटाच्या बाहीला गाल टेकून दुपारपर्यंत ऐकत राहिली. फोटो तिने काढला नाही.

आता माझ्या कापडात राम उरलेला नाही, मित्रांनो. बरेचसे कापड ठिगळे होऊन जीपच्या हुडाला गेले आहे. म्हणून एवढेच मागतो. रानात गेलात, तर जरूर बघा, ऐका, हवा तर फोटो काढा. पण तिथे बसून राहू नका. कितीही पाय निघत नसला तरी निघा, आणि तिला दिसेल असे निघा. आपण पुरते लांब गेल्याशिवाय ती अंड्यांवर बसत नाही.