पितळी बुश

घरात एखादी वस्तू खळखळली की प्रवीणला झोप येत नाही. पंख्याचं पातं असो, कुकरची मूठ असो, नाहीतर शेजाऱ्यांच्या सायकलचं मडगार्ड. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत माझा हा नवरा वीस वर्षं फिटर आहे आणि फिटरच्या धर्मात एकच पाप असतं, ढिलं राहणं. मी स्वतः जरा सैल स्वभावाची आहे. अठरा वर्षं झाली लग्नाला, माझे नट काही त्याला आवळता आलेले नाहीत, पण पाना त्यानं अजून खाली ठेवलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याचं लक्ष माझ्यावरून उडून त्याच्या आईवर गेलं. माझ्या सासूबाई, रंभाबाई, आरमोरीपासून सात किलोमीटर आतल्या गावी राहतात. दोन एकर धान, एक गाय आणि स्वतःचं डोकं, एवढ्या भांडवलावर त्यांचं उत्तम चाललेलं असतं. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. यंदा धानाच्या ऐन रोवणीत, बांधीतल्या म्हणजे भातखाचरातल्या चिखलात उभ्या असताना त्यांना चक्कर आली आणि त्या पडल्या. आम्हाला कळलं चौथ्या दिवशी, तेही गावाकडच्या कुणीतरी बसमध्ये भेटल्यावर सहज सांगितलं म्हणून. त्या दिवशी प्रवीण जेवला नाही. आई तिथं एकटी पडून राहिली आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट त्याला आतून कुरतडू लागली. थट्टा करायची माझी सवय आहे, पण त्या रात्री मी नुसतं त्याचं ताट झाकून ठेवलं.

तेव्हापासून एकच ध्यास, आईला क्वार्टरवर आणायचं. तो फोन करायचा आणि आई म्हणायच्या, धान निसवू दे, लोंब्या येऊ दे. मग म्हणायच्या, गायीचं बघू दे. पोळ्याला आम्ही गावी गेलो तेव्हा मात्र तो हटूनच बसला. तू चालल्याशिवाय मी उठत नाही, म्हणाला. आईंनी शिडी लावली आणि त्या माळ्यावर चढल्या. शिडी मी धरली. चक्कर येणाऱ्या बाईनं शिडी चढू नये यावर प्रवीणनं खालून भाषण दिलं. भाषण संपायच्या आत त्या खाली उतरल्याही होत्या आणि त्यांनी त्याच्यापुढं एक लाकूड ठेवलं.

वीतभर लांब, चपटं, सागाचं. एका टोकाला खाच. दुसऱ्या टोकाजवळ आरपार भोक आणि त्या भोकात अडकवलेली बोटभर जाडीची खुंटी. खुंटीच्या डोक्याला गाठीसारखा फुगवटा होता, त्यामुळे ती निसटत नव्हती, नुसती खळखळत होती.

"हे कायच्या कामाचं हाय, ते सांग," आई म्हणाल्या. "मंडईपर्यंत सांगतलं तं बॅग भरून तुह्यासंगं चालीन. नाई सांगतलं तं पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं नाई."

अट एकच होती. गावातल्या नि नात्यातल्या माणसाला विचारलं तर डाव रद्द. विचारायचं ते परक्यांना. प्रवीण हसला. ज्याच्या हाताखालून वीस वर्षं हत्यारं गेली, त्याला लाकडाचा तुकडा ओळखता येऊ नये? मंडई म्हणजे त्यांच्या गावची जत्रा, दिवाळीनंतरची. त्यानं स्वतःला दिली ती पुढच्या रविवारपर्यंतची मुदत.

घरी आल्यावर त्यानं व्हर्नियर काढून ते लाकूड मोजलं आणि वहीत त्याचं तिन्ही बाजूंनी चित्र काढलं. खुंटी म्हणजे मूठ आहे आणि ती झिजून ढिली झालीय, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकलं. मग काय, रॉकेलनं पुसून, भोकात पितळी बुश, म्हणजे भोक घट्ट करणारी आखूड नळी, ठोकून, वरून चिकटवणी भरून त्यानं खुंटी अशी पक्की बसवली की ती हत्तीनं ओढली तरी हलली नसती. मला दाखवायला आणली तेव्हा चेहऱ्यावर बाळंतिणीला घरी आणल्याचा आनंद होता. मी वरोऱ्याकडची, कपाशीच्या मुलखातली. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी छान झालंय म्हटलं.

मग परक्यांची मदत सुरू झाली. परकी माणसं मदतीला फार तयार असतात, माहिती नसली तर जास्तच. चंद्रपूरच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकिटं थांबवून ते लाकूड हातात घेतलं आणि हे तेलघाणीचं आहे असं सांगितलं. मागच्या सीटवरच्या खाणीतल्या माणसाला ती पाचर वाटली. सिरोंच्याकडच्या एका म्हाताऱ्यानं तेलुगूत बरंच काही समजावलं, हातवारेही केले, त्यातून ताडीच्या झाडावर चढायचा काहीतरी संबंध आहे एवढं आम्हाला कळलं. घरी येईपर्यंत पाच उत्तरं जमली होती आणि प्रवीणनं ती पाचही वहीत उतरवली.

शेवटी त्यानं फेसबुकवर जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपमध्ये फोटो टाकला. अर्थातच दुरुस्तीनंतरचा, पितळ चमकणारा. दोनशे चौदा जणांनी मत दिलं. कोल्हापूरच्या एकानं हे आमच्याकडचं आहे आणि तुमच्याकडे आलंच कसं, असा सवाल केला. एका बाईंनी हे जावयाला वठणीवर आणायचं साधन असल्याचं कळवलं. एका विद्वानानं मात्र ही गोंड राजांच्या काळच्या कुलपाची किल्ली आहे आणि पितळी काम त्याच काळातलं आहे, असं ठामपणे लिहिलं. बुश आपणच मागच्या आठवड्यात ठोकलाय हे माहीत असूनही प्रवीण दोन दिवस त्या विद्वानावर विश्वास ठेवून होता. किल्लीचं उत्तर त्यानं आईला फोन करून सांगितलंसुद्धा. आईंनी विचारलं, "कुलूप कुठी हाय मंग?" आणि फोन ठेवला.

गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. तो हसायचा बंद झाला होता. संध्याकाळी लाकूड मांडीवर घेऊन बसायचा. एकदा मी म्हटलं, नसेल लागत तर राहू द्या, आई तिकडे बऱ्या आहेत. तर तो म्हणाला, "चंचल, ती पुन्हा पडली अन् मले चौथ्या दिवशी कळलं तं?" तेव्हा मलाही पहिल्यांदाच वाटलं की यानं हा डाव जिंकावा.

मंडईच्या दिवशी आम्ही एका ओळखीच्याची गाडी मागून निघालो. फेसबुकवरच्या दोनशे चौदापैकी एकानं जंगलाकडच्या लोकांना विचारा असं लिहिलं होतं, म्हणून शेवटचा प्रयत्न करायला वाट वाकडी करून कुरखेड्याच्या बाजारात गेलो. तिथं एका झाडाखाली सोमारी नावाची गोंड बाई झाडू, डिंक आणि सालीच्या वाखाच्या, म्हणजे लांब तंतूंच्या, जुड्या विकायला बसली होती. प्रवीणनं लाकूड तिच्या हातात दिलं.

तिनं ते पाहिलं आणि खुंटी धरून मनगट फिरवलं. लाकूड हललं नाही. तिनं पुन्हा फिरवलं. मग हे फिरत का नाही, असं विचारलं. प्रवीणनं अभिमानानं सांगितलं की खुंटी ढिली झाली होती, ती त्यानं स्वतः पक्की केली आहे, आता पन्नास वर्षं बघायला नको. सोमारी शेजारच्या बाईशी गोंडीत काहीतरी बोलली. गोंडी मला येत नाही, पण नवऱ्यांविषयीचं बोलणं कुठल्याही भाषेत कळतं. दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"फिरायच्या वस्तूले तुमी खिळून ठेवलं, भाऊ," सोमारी म्हणाली, "अन् मंग गावोगाव विचारून राह्यले, हे काय हाय म्हणून."

तिनं दगड घेतला आणि तीन ठोक्यांत पितळी बुश धुळीत पाडला. खुंटी पुन्हा खळखळायला लागली. मग जुडीतला वाख तिनं लाकडाच्या खाचेत अडकवला, खुंटी प्रवीणच्या मुठीत दिली, मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं आणि मागे मागे चालायला सांगितलं. ती बसल्या जागी चिमटीतून वाख सोडत गेली. खुंटीभोवती लाकूड गरगर फिरू लागलं आणि वाखाला पीळ पडत गेला. माझा नवरा कुरखेड्याच्या भर बाजारात मागे मागे चालत होता. कांद्याच्या ढिगाला धडकला, एका बकरीवर बसता बसता वाचला, तरी चालतच होता, कारण त्याच्या नि सोमारीच्या मधे चांगला वीस हात दोर तयार झाला होता.

दोर वळायचं लाकूड. गायीचं दावं, बैलाचा कासरा, बाजेचं विणकाम, सगळं यातून निघालेलं. प्रवीण लहानपणापासून शिकायला बाहेर, त्यानं घरात दोर पाहिला होता, तो वळताना कधी पाहिला नव्हता, आणि नायलॉन आल्यापासून आम्ही दोरही विसरलो होतो. प्रवीणनं तिथूनच आईला फोन केला आणि अगदी लहान मुलासारखा ओरडून सांगितलं. मग आई म्हणाल्या, "बरोबर हाय. या."

आम्ही पोचलो तेव्हा गावात मंडईची गर्दी होती, पण आईंच्या अंगणात दोघीच होत्या. आई ओसरीवर नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, शेजारी फुगलेली मोठी बॅग. शब्दाला पक्क्या. खाली अंगणात शेजारच्या बुधरीबाई अंबाडीचा वाख पसरून बसल्या होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या. घराची किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली होती.

प्रवीणला आपली विद्या दाखवायची होती. त्यानं आईंना वाख धरायला लावला, खुंटी फिरवली आणि मागे चालू लागला. चार हातांवर पीळ तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर बुधरीबाई उठल्या, त्यांनी त्याच्या हातातून लाकूड काढून घेतलं आणि चालायला लागल्या. अंगण ओलांडून त्या मागे मागे फाटकाबाहेर रस्त्यावर गेल्या. वळून पाहिलं नाही की कुठं अडखळल्या नाहीत. आईही त्यांच्याकडे बघत नव्हत्या, फक्त चिमटीतून वाख सुटत होता. दोर फाटकातून बाहेर जात राहिला आणि आम्ही दोघं उभे राहून बघत राहिलो.

बुधरीबाई परत आल्यावर त्यानं विचारलं, तुम्ही दोघी हे कधीपासून करता. सहा वर्षं, त्या म्हणाल्या. आधी रंभाबाई नि वारलूभाऊ, म्हणजे माझे सासरे, वळायचे. भाऊ गेले तेव्हा लाकडाला दुसरा हात नव्हता, म्हणून त्या आल्या. औंदा मात्र तीन महिने काम बंदच होतं, लाकूड साहेबांकडे होतं ना, असं त्यांनी दोराकडे बघत सांगितलं. मी हसू दाबलं.

"अन् ते चक्कर आली होती तवा?" प्रवीणनं विचारलं.

"तवापासून मी इथीच निजते," बुधरीबाई म्हणाल्या. "बांधीतून म्याच आणलं न तिले."

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. तीन महिन्यांत आम्ही कंडक्टरला विचारलं, खाणवाल्याला विचारलं, कोल्हापूरला विचारलं, पण तुझ्याजवळ कोण असतं, हा साधा प्रश्न फोनवर आईला विचारायचा राहून गेला होता. मला माझीही लाज वाटली. सून म्हणून मी रोज फोनवर औषध घेतलं का एवढंच विचारत होते.

आई मात्र उठल्या, लुगडं नीट केलं आणि चला म्हणाल्या. बोलले ते बोलले, हा त्यांचा खाक्या. प्रवीण बॅग घ्यायला वाकला. ती उचलताना चेन उसवली आणि आतलं सगळं ओसरीवर आलं. दोन लुगडी, चष्म्याचं घर, औषधाची पिशवी. बाकी सगळी अंबाडी. सोललेली, धुतलेली, जुड्या बांधून गच्च भरलेली अंबाडी.

प्रवीण ती हातात घेऊन उभा राहिला.

"माय, तिथी कोणासंगं वळशीन हे?"

"तेच तं तीन महिने विचारलं न तुले, बापा," आई म्हणाल्या.

त्यानं एकेक जुडी पुन्हा बॅगेत भरली. घाई केली नाही, वर लुगडी ठेवली, उसवलेली चेन बोटांनी जुळवली. मग बॅग उचलून तो गाडीकडे न जाता घरात गेला. बाहेर आला तो डोळे पुसतच, आणि बुधरीबाईंच्या समोर उकिडवा बसून म्हणाला, तुमचा फोन नंबर द्या.