पेडल थरथरलं तर

“ब्रेक गाडीत नसतो, मानसाच्या पायात असतो,” गोटीराम पाटील म्हणाले आणि गावदेवीच्या कट्ट्यात घुसलेला बंपर दोन्ही हातांनी बाहेर ओढू लागले.

पस्तीस वर्षं मासळीचा टेम्पो चालवून एक ओरखडाही न आणलेल्या माणसाचं हे वाक्य नवी मुंबईतल्या करावे गावात प्रमाण मानलं जाई. नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला पेढ्यासोबत ते ऐकून घ्यावं लागे. बंपरचा डावा तुकडा हातात आला तेव्हा मात्र गोटीरामांनी त्यात किंचित दुरुस्ती केली.

“पन या गाडीला ब्रेकच नाय.”

त्यांची सून प्रिया पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली होती. सासऱ्यांना लागलं नव्हतं. सासूबाई, म्हणजे पुतळाबाई, गाडीच्या पलीकडे उभ्या राहून पदर सारखा करत होत्या. त्यांनाही लागलं नव्हतं. लागलं होतं ते कट्ट्याच्या कोपऱ्याला, आणि गावदेवी त्याबद्दल काही बोलली नाही. ती उणीव जमलेल्यांनी भरून काढली.

“कुत्रा आडवा आला,” गोटीराम सांगत होते. “ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थरथराया लागलं. खरखर, खरखर. आतलं काय तरी तुटलं.”

रस्त्यावर पाइपलाइनच्या खोदकामाची रेती पसरली होती. ती कुणी हिशेबात धरली नाही. हल्लीच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, यावर एकमत झालं, आणि चौघांनी तो डबा ढकलत पाटलांच्या दारात आणून त्यावर कव्हर घातलं.

एकटा मितेश या एकमतात नव्हता. तो गोटीरामांचा मुलगा. कंटेनरच्या कंपनीत नोकरीला, आणि गाडी त्याच्या नावावर. संध्याकाळी बूटही न काढता त्याने हात पुढे केला.

“बाबा, चावी. अडुसष्ट झाली तुम्हाला. बास झालं आता. कुठे जायचं असेल तर मला सांगा, नाहीतर मोबाइलवरून रिक्षा मागवा.”

“ब्रेक फेल होता.”

“चावी द्या.”

गोटीरामांनी चावी दिली. म्हणजे मितेशच्या हाताच्या बाजूला, टेबलावर ठेवली.

“घे. पन ब्रेक फेल होता, हे बी सोबत घे.”

दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरचा सौरभ घरी आला. कव्हर अर्धं वर करून तो उघड्या दारापाशी उकिडवा बसला, स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खुपसली आणि स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिला.

“एकपण फॉल्ट नाही, काका. पेडल थरथरतं ना, ते एबीएस काम करतंय म्हणून.”

“काम करताना कुनी थरथरतं काय?”

सौरभने स्कॅनरची वायर गुंडाळली. तो चहा पिऊन गेला.

प्रिया खारघरच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवायची. ब्रेक ही तिची तिसऱ्या सेमिस्टरची पोटापाण्याची सोय होती, त्यामुळे घरी तो विषय ती काढत नसे. पण आठ दिवस जेवताना तेच चाललं होतं. गोटीराम प्रत्येक घासाला ब्रेकवर आरोप ठेवत होते. चावी गेल्याचं दुःख एवढं असतं, हे समजण्यासारखं होतं. समजत नव्हतं ते हे, की चावी परत मागायचं सोडून ते फक्त ब्रेकवरच का अडले आहेत.

“बाबा, पेडल थरथरलं तेव्हा तुम्ही काय केलं?”

गोटीरामांनी पुतळाबाईंकडे पाहिलं.

“पाय उचलला,” पुतळाबाई म्हणाल्या. मग भाताचं पातेलं जवळ ओढून म्हणाल्या, “यांनी.”

“तीनदा उचलला,” गोटीराम म्हणाले. “उचलायचा, दाबायचा, उचलायचा, दाबायचा. एकदम दाबला तर चाक जाम होतं, गाडी घसरते आनि स्टिअरिंग शोभेला राहतं. हे मी सगळ्यांना शिकवलं हाय.”

“टेम्पोला बरोबर होतं ते. पण आता ते काम गाडी करते.” प्रियाने ताटातला चमचा उभा धरला. “प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाक किती फिरतंय ते मोजतो. एखादं चाक जाम व्हायला आलं की कॉम्प्युटर त्याचा ब्रेक सोडतो, परत धरतो. एका सेकंदात दहा-पंधरा वेळा. एबीएस म्हणतात ते हेच, आणि थरथर होते ती त्याची. आपण पाय दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची. पाय उचलला की त्याला वाटतं, थांबायचंच नाहीये.”

“आनि गाडी आडवी झाली तर?”

“तर कुठल्या तरी एकाच चाकाचा ब्रेक ती स्वतः लावते. तुमचं स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे चालली की तिला कळतं. होडी वळवताना तुम्ही एका बाजूचं वल्हं पाण्यात दाबून धरता ना, तसं.”

गोटीराम थोडा वेळ भात कालवत राहिले.

“हे माझ्या आज्याला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “त्याला नाय लागला कॉम्प्युटर. दाखव मला. ब्रेक चांगला निघाला तर मी गाडीला परत हात लावनार नाय. नाय निघाला तर मितेशने सगळ्यांसमोर सांगायचं, गाडी खराब होती.”

“डन,” मितेश म्हणाला. त्याला हा सौदा फार सोपा वाटला.

रविवारी सकाळी प्रियाने कव्हर काढलं. मितेशने कपाटातून आणलेली चावी तिच्याकडे दिली, कारण परीक्षा तिची होती. दार उघडून ती आत बसायला गेली आणि तिचा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. सीट पार पुढे होती. प्रियाची उंची साडेपाच फूट. गोटीराम तिच्याहून वीतभर उंच. दारातून शिरताना मान वाकवायची त्यांची सवय घराचं दार उंच केलं तरी गेली नव्हती. आणि अपघातानंतर या सीटवर कुणी बसलं नव्हतं.

तिने मागे पाहिलं. पुतळाबाई, जेमतेम पाच फूट, मागच्या सीटवर बसून खिडकीतून समोरच्या घराची गच्ची बघत होत्या. गोटीराम सुनेकडे बघत होते. त्या नजरेत विनंती नव्हती, धमकीही नव्हती; एखादा माणूस आपल्या दारात आडवा बसतो तशी ती होती.

प्रियाने सीट मागे सरकवली आणि गाडी सुरू केली.

खारघरच्या टोकाला, माणसं यायच्या आधीच येऊन बसलेले चारपदरी रस्ते आहेत. त्यातल्या एकावर डंपरमधून रेती सांडली होती. मितेशने मासळीचे थर्माकोलचे दोन खोके तिथे आडवे मांडले. प्रियाने गाडी चाळीसवर नेली, रेतीवर कच्चकन ब्रेक दाबला, तसाच धरला आणि खोक्यांना वळसा घालून थांबली.

“आता बाबा.”

गोटीराम आले. चाळीस. रेती. पस्तीस वर्षांचा पाय उचलला गेला, दाबला गेला, उचलला गेला. एक खोका बंपरखाली चेपला.

“फेल,” ते काच खाली करून म्हणाले.

“पाय उचललात तुम्ही.”

“पाय माझा हाय.”

“मग यावेळी त्याला सांगा.”

दुसऱ्या खेपेला ते ओठ आवळून आले. पेडल खरखरलं, सगळी गाडी शहारली, आणि उरलेल्या खोक्याला हातभर अंतर ठेवून उभी राहिली. गोटीराम बराच वेळ उतरले नाहीत. प्रिया खिडकीशी गेली तेव्हा त्यांचा पाय अजून पेडलवर होता.

“हा तर माझाच पाय,” ते म्हणाले. “जरा घाईत हाय एवढंच.”

“म्हणजे ब्रेक चांगला आहे,” मितेश हात झटकत आला. “चूक कुणाची झाली मग?”

“शिकवनाऱ्याची,” गोटीराम म्हणाले.

मितेशने ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा हात चावीसाठी पुढे झाला होता. प्रियाने सोडलं नाही.

“थांब जरा,” ती म्हणाली. “आई, आता तुम्ही.”

मग मागचं दार उघडलं. पुतळाबाई उतरल्या, काष्ट्याचा सोगा घट्ट खोचला आणि पुढच्या दारापाशी आल्या. नवरा मुकाट्याने पलीकडच्या सीटवर सरकला.

“आई, चेष्टा नको,” मितेश म्हणाला. “तुला गाडी कुठे येते?”

पुतळाबाईंनी कनवटीच्या पिशवीतून, चार घड्या घातलेला एक कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यावर त्यांचा फोटो होता, जरा रागावलेला.

“लर्निंग लायसन हाय. दोन महिने झाले.”

“लर्निंग? कशाला?”

“शिरवण्याला बहिनीकडं जायचं म्हनून तुला दिवाळीत सांगितलं होतं. तू गनपतीत नेलंस. शिरवणे काय सिंगापूर हाय?” त्यांनी सीट खटकन पुढे ओढली. “कट्ट्यावर मीच घातली. यांनी शिकवलं तसा पाय उचलला. तेवढ्यासाठी म्हातारा पंधरा दिवस ब्रेकला शिव्या देतोय. आता बाजूला हो, नायतर तुला बी खोक्यांत मोजीन.”

मितेश बाजूला झाला. कागद त्याने उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

“पुतळा, पाय उचलू नको,” आतून गोटीरामांचा आवाज आला. “मी काय पन बोललो तरी.”

“तुमी बोलूच नका.”

गाडी लांब गेली, वळली आणि आली. रेतीवर पुतळाबाईंनी ब्रेक दाबला तेव्हा स्टिअरिंग जरा जास्तच फिरलं. मागची चाकं बाहेर निघाली, आणि कुणीतरी खालून हात लावावा तशी गाडी सावरून सरळ झाली. खोका जागच्या जागी होता. काचेतून पुतळाबाई समोर बघत होत्या. पेडल अजून दाबलेलं होतं. थांबून अर्धं मिनिट झालं तरी त्यांनी पाय उचलला नाही.

परत निघताना त्या उठल्या नाहीत. मितेशने दोनदा दाराचं हँडल धरून पाहिलं, मग चेपलेला खोका मांडीवर घेऊन प्रियाशेजारी मागे बसला. पुढे गोटीराम शेजारच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड घट्ट मिटून बसले होते. मागून रिक्षा, टेम्पो आणि शेवटी पाण्याचा टँकरसुद्धा हॉर्न वाजवत पुढे निघून गेले.

“जाऊ दे त्यांना,” पुतळाबाई प्रत्येक वेळी म्हणाल्या.

करावेपर्यंत त्यांनी काटा वीसच्या वर जाऊ दिला नाही. कोरड्या रस्त्यावर वीसच्या वेगाला एबीएसला काही काम नसतं.