आसराबाईंनी दुमडलेलं पान

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. पाठीचा डिंक सुटलाय, पहिली चार पानं कुणीतरी शेव बांधायला नेली, पण बाकी मी धडधाकट आहे. माझ्यात समुद्रापलीकडच्या एका देशातली गोष्ट आहे. तिथे उसाच्या मळ्यांवर माणसं विकत घेऊन राबवली जात. माझ्यातली एक आई आणि तिची मुलगी अशाच गुलाम.

छापखान्यात मी ऐकलं होतं, की कादंबऱ्या वाचून लोकांची मतं बदलतात. मला याचं भारी कुतूहल. मला ना हात, ना तोंड. मग हे घडतं तरी कसं? जालन्याच्या एका वाचनालयात तीस वर्षं मी वाट पाहिली. तिथे एकाने माझ्यावर चहाचा कप ठेवला, एवढंच घडलं. मी रद्दीत निघाले तेव्हा प्रभावतीबाईंनी मला उचललं. जालन्याकडच्याच टेंभुर्णीच्या पुढे एका गावात त्या शिक्षिका आहेत.

तिथल्या बुद्ध विहारात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, तेही भोंग्यावर, म्हणजे चुलीपुढच्या बायकांनाही ऐकू जावं. वर्षावास संपला तरी लोकांची ऐकायची सवय सुटेना. मग बाईंनी मला वाचायला घेतलं. ग्रंथासारखंच लोक मलाही मध्येच थांबवून प्रश्न विचारत. ऊस आला तसे ऐकणाऱ्यांतले रखमाजी म्हणाले, "हे बिलकुल आपल्या घनसावंगीकडच्या उसाचं हाय!" हे समुद्रापलीकडचं आहे असं बाईंनी सांगितलं, तरी त्यांना पटलं नाही.

भोंगा गावातले शेतमालक तातेराव यांच्या घरापर्यंत ऐकू जाई. त्यांची आई आसराबाई ओट्यावर बसून ऐकायच्या. एका संध्याकाळी नेमकं माझ्यातल्या मुलीला आईपासून तोडून विकायला काढलं, आणि वीज गेली. आसराबाईंना चैन पडेना. सकाळी त्यांनी वर्षाराणीला पिटाळलं, "जा, त्या पोरीचं काय झालं इचारून ये जल्दी."

वर्षाराणी म्हणजे तातेरावांच्या सालगड्याची, भिवाची, मुलगी. बाप सालाने राहिला, की त्याच्या बायकापोरांनीही मालकाचा गोठा झाडायचा, असा इथला रिवाज. तसं कुणी सांगत नाही, आणि कुणी नाहीही म्हणत नाही. त्यापायी दिवाळीची सुट्टी संपून महिना झाला तरी सातवीतली वर्षाराणी शाळेत गेली नव्हती.

प्रभावतीबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "तूच वाचून दाखव आजीला."

ओट्यावर परत येऊन, शेणाचे हात फ्रॉकला पुसून तिने मला उघडलं. ओळीखाली बोट ठेवत, अडखळत ती वाचू लागली. मुलीला गाडीत कोंबलं, आई मागे धावली. आसराबाईंचे डोळे वाहायला लागले.

"थांब. आधी तिला सोडव, मंग वाच."

"आजी, छापलेलं बदलत न्हाई."

आसराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. शाळेची घंटा झाली आणि पोर दचकली, तेही पाहिलं. मग त्यांनी ते पान दुमडलं आणि मुलाला हाक मारली.

"तात्या, पुस्तकातलं बदलत न्हाई म्हणून राह्यली ही. आपल्या गोठ्यातलं कुठं छापलंय?"

तातेराव म्हणाले, "माय, समद्या गावात असंच हाय. मी एकट्यानं काय बिघडवलं?"

"मंग एकट्यानं सोड. उद्या हिनं झाडू धरला तर मी जेवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी शाळेत गेली. गोठा तातेरावांनी स्वतः झाडला, तोंड वाकडं करून का होईना. नळावर महिनाभर तोच विषय होता. पाडव्याला नवी सालं ठरतात, तेव्हा आणखी तीन घरांनी चारचौघांत सांगितलं, "साल एकट्या गड्याचं." बाकीच्यांनी नाही सांगितलं. मला मात्र माझं उत्तर मिळालं. मी एकटी काहीच करत नाही. कुणीतरी मोठ्याने वाचावं लागतं, आणि ऐकणाऱ्याने मान वर करून समोर बघावं लागतं.

आसराबाईंनी पुढची पानं ऐकायचं दोन वर्षं टाळलंच. परवा नववीतली वर्षाराणी आली. तिने दुमडलेलं पान उघडलं आणि बोट न ठेवता शेवटपर्यंत वाचून दाखवलं. माझ्यातल्या मुलीला तिची आई भेटत नाही, मित्रांनो. मला त्याचं फार वाईट वाटतं. आसराबाई बराच वेळ वर्षाराणीचा हात धरून बसल्या.

तेव्हा माझ्या पाठीला थोडा डिंक लावा. मला कपाटात कोंडू नका, मोठ्याने वाचा. ते दुमडलेलं पान तेवढं सरळ करू नका.